खाते नंबर हा आकडा नाही, ते नाव आहे

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर आमच्या गावच्या दूध सोसायटीत रोज सकाळी येतो, दूध घालायला आलेली माणसं रांगेत उभ्या उभ्या वाचतात आणि कॅनच्या झाकणावर ठेवून जातात, मी सगळं आवरलं की मग निवांत बघते. हल्ली त्यात कॉम्प्युटरवर बरंच येतं, एआय आलं, नोकऱ्यांचं काय होणार, मोबाईलवर फ्रॉड कसा होतो, ते यायलाच पाहिजे, पण एक अगदी बेसिक गोष्ट आहे जी मी मराठी पेपरात कधी छापून आलेली बघितली नाही आणि जिच्यामुळे आमच्याकडे गरीब बायांचे पैसे अडकले होते. ती म्हणजे कॉम्प्युटर मोठा आकडा कसा सांभाळतो आणि कुठे सोडून देतो. पत्र लांब झालंय, पण मध्येच तोडलं तर कळणार नाही, म्हणून सगळंच लिहिते.

मी चाळीसगाव तालुक्यातल्या एका गावात सोसायटीचे हिशोब बघते, चौदा वर्षं झाली. आधी दहा दिवसांचं बिल रोख द्यायचो, रजिस्टरवर सही नाहीतर अंगठा. मग सगळं बँकेत जायला लागलं. त्यासाठी बऱ्याच बायांनी गावात कॅम्प लागला तेव्हा एकाच दिवशी खाती उघडली, त्या बँकेचे खाते नंबर १६ अंकी. मी आणि आमच्याकडे नवीन लागलेल्या पोराने दोन दिवस बसून पासबुकं बघून बघून सगळे नंबर स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये टाकले, मी वाचत होते आणि तो टाईप करत होता. टाकल्यावर कॉलममध्ये १.२३E+१५ असलं काहीतरी दिसायला लागलं तर त्याने कॉलम रुंद केला, फॉरमॅट बदलून 'नंबर' केला, सगळे १६ अंक छान दिसायला लागले. आम्ही खूश. फाईल अपलोड केली, बँकेच्या पोर्टलने घेतली, कुठेही लाल रेघ नाही.

तीन दिवसांनी पैसे परत यायला लागले. २७ जणींचे परत आले. ते कळलं म्हणून बरं, पण दोघींचे परतही आले नाहीत आणि त्यांच्या खात्यातही नाहीत. दोघी जावा जावा, एकीच्या नंबरच्या शेवटी ३४१७ आणि दुसरीच्या ३४१८, कॅम्पमध्ये मागे पुढे उभ्या होत्या ना. थोरलीचा नवरा वारलेला, दोन म्हशींवर घर चाललंय, ती रोज सकाळी दूध घातल्यावर काही न बोलता खिडकीशी उभी राहायची आणि मी मान हलवली की निघून जायची. ते मला अजून आठवतं. चौथ्या दिवशी गावातलीच तिसरी एक बाई पासबुक घेऊन आली, म्हणाली ताई, माझं बिल तर माझं आलं, पण वर अजून दोन बिलं आली आहेत, हे कुणाचं? तिच्या नंबरच्या शेवटी ३४१०.

मग मी फाईल उघडून एकेका नंबरवर क्लिक करून वर बघितलं. त्या बँकेच्या प्रत्येक नंबरचा शेवटचा अंक शून्य. प्रत्येक. ३४१७ चं ३४१०, ३४१८ चं पण ३४१०. ज्यांचा खरंच शून्य होता त्यांचेच पैसे बरोबर गेले. मी स्वतः वाचून दिलेले नंबर होते, पोराने टाईप पण बरोबर केलेले, मी पासबुकाशी ताडून बघितले होते, पण ताडले ते टाईप करताना, एंटर मारल्यानंतर नाही. आणि पैसे नंबर बघून जमा झाले, नाव वेगळं होतं तरी.

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला रात्री फोन केला. मी त्याला म्हणाले अरे आकडे बदलतात आपोआप, व्हायरस असेल का. तो म्हणाला आत्या, व्हायरस नाही, मुळात तू त्याला आकडा म्हणून दिलंस हीच चूक. खाते नंबर हा आकडा नाही, ते नाव आहे, फक्त अंकात लिहिलेलं. दोन खाते नंबरांची बेरीज करून काही मिळतं का? नाही ना, मग तो आकडा नाही. हे एक वाक्य मला चौदा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कॉम्प्युटरचा कोर्स केला त्यात टाईपिंग, प्रिंट, फॉर्म्युला सगळं होतं, हे नव्हतं.

त्यानंतर मी ठरवलं हे नीट समजून घ्यायचं. मोबाईलवर व्हिडिओ बघून, भाच्याला विचारून विचारून पायथॉन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकले, आता संध्याकाळी गावातली आठवी नववीची सात आठ पोरं पोरी येतात त्यांना पण शिकवते. त्यांना सांगते तसंच इथे सांगते.

शाळेत बेरीज शिकताना हातचा शिकवतात. सात आणि पाच बारा, दोन लिहिले, हातचा एक, तो पुढच्या घरात. वहीत पुढचं घर नसलं तर आपण आखतो. कॉम्प्युटरमध्ये मात्र घरं आधी मोजून दिलेली असतात, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, आणि प्रत्येक घरात फक्त ० नाहीतर १. हातचा आला आणि पुढे घरच नसलं तर? सगळा गोंधळ तिथे आहे. आमच्या जुन्या मोटारसायकलचा किलोमीटरचा काटा ९९९९९ झाल्यावर ००००० झाला होता तसंच.

स्प्रेडशीट, वेबसाईटमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा, आणि बाकी बऱ्याच भाषांमधला दशांशवाला आकडा, हे सगळे एकाच प्रकारचा आकडा वापरतात, १९८५ साली त्याचं स्टँडर्ड ठरलं. त्यात ६४ घरं असतात, एक घर चिन्हाला, ११ घरं बिंदू कुठे सरकवायचा ते सांगायला, आणि ५२ घरं प्रत्यक्ष अंकांना, त्यात एक गृहीत धरलेलं असतं म्हणून ५३ धरायची. म्हणजे ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंत प्रत्येक पूर्णांक बरोबर राहतो. त्याच्या पुढच्या आकड्यात, म्हणजे शेवटी ९९२ असलेल्यात, जावास्क्रिप्टमध्ये एक मिळवा, उत्तर तेच येतं, ९९२. त्याच्या पुढे सम आकडेच उरतात, विषम आकड्यांना जागाच नाही. पोरांना हे दाखवलं तेव्हा एक पोरगी म्हणाली ताई, एक मिळवून पण तेवढेच राहिले तर तो एक गेला कुठे? मी म्हणाले हातचा होता, घर मिळालं नाही. एक्सेलवाल्यांनी याच्या अलीकडेच, १५ अंकांवर रेघ मारलेली आहे, सोळाव्या अंकापासून शून्य टाकतं, आणि हे कंपनीने लपवलेलं नाही, तसं लिहून ठेवलंय. वाचतं कोण?

आमच्या तालुक्यात पाटण आहे, पाटणादेवीचं. तिथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा १२०७ सालचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता. पोरांना मी तिथे घेऊन गेले होते. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावती ग्रंथात आकड्यांची नावं दिली आहेत, एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अठरा नावं, परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. मी पोरांना मिलियन ट्रिलियनच्या भानगडीत न पाडता याच नावांनी सांगते आणि ते इतकं छान बसतं की काय सांगू. जावास्क्रिप्टचा भरवशाचा आकडा कुठपर्यंत? नऊ अंत्य आणि थोडं वर. ६४ घरांचा पूर्णांक, ज्याला जावा नावाच्या आणखी एका भाषेत लाँग म्हणतात, तो कुठपर्यंत? ९२ परार्ध, २ मध्य, ३ अंत्य, ३ जलधी, ७ शंकू आणि पुढचे. आठशे सत्तर वर्षांपूर्वी आपल्या माणसाने नावं दिली त्याच्या शेवटच्या नावाच्या आसपासच आजच्या कॉम्प्युटरचा सगळ्यात जास्त वापरला जाणारा मोठा आकडा संपतो. हा योगायोगच आहे, मी उगाच पुराणातली विमानं सांगत नाही, पण पोरांना लक्षात राहायला याच्यासारखं दुसरं काही नाही. आणि बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट, पहिल्या घरात एक, पुढच्यात दोन, मग चार, त्याची पूर्ण बेरीज १८४४६७४४०७३७०९५५१६१५, तो तर ६४ घरांत चिन्ह न ठेवता बसणारा सगळ्यात मोठा आकडाच आहे, तंतोतंत, कारण तिथेही घरं ६४ आणि प्रत्येक घर दुप्पट.

आता ३२ घरांचं. अजूनही कित्येक प्रोग्राममध्ये साधा पूर्णांक ३२ घरांचाच असतो, त्याची हद्द २,१४,७४,८३,६४७. ऐकायला २१४ कोटी म्हणजे खूप वाटतं. पण हिशोब पैशात ठेवला तर ते झाले २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. आमच्याकडे दिवसाला अठराशे लिटर दूध धरा, लिटरला ३५ धरा, दिवसाचे ६३ हजार झाले, १ एप्रिलपासून बेरीज मारत गेलं तर ७ मार्चला ही हद्द ओलांडली जाते. आमची छोटी सोसायटी हो. आणि ओलांडल्यावर जावामध्ये काय होतं, प्रोग्राम थांबत नाही, ओरडत नाही, वरचा हातचा जाऊन चिन्हाच्या घरात बसतो आणि बेरीज उणे दोन कोटी चौदा लाख दाखवायला लागते. स्विफ्ट नावाच्या भाषेत प्रोग्राम तिथेच बंद पडतो, लोक त्याला वैतागतात, मला मात्र तेच बरोबर वाटतं, बंद पडलं तर निदान कुणीतरी विचारायला तरी येईल. आमचे नंबर शून्य होताना कुणी ओरडलं असतं तर ती बाई चार दिवस खिडकीशी उभी राहिली नसती.

हे फक्त छोट्यांचं होतं असं नाही. २०१४ च्या डिसेंबरात गंगनम स्टाईल गाण्याचे व्ह्यूज ३२ घरांच्या बाहेर जायला लागले तेव्हा यूट्यूबला मोजायचा आकडाच ६४ घरांचा करावा लागला. ते निभावलं. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियन ५ रॉकेट, पहिलंच उड्डाण, इंजिन पेटल्यापासून साधारण ३७ सेकंदांत भरकटलं आणि फुटलं, त्यात चार उपग्रह होते. आधीच्या एरियन ४ मधला प्रोग्राम जसाच्या तसा घेतला होता, त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ घरांचा दशांश आकडा १६ घरांच्या पूर्णांकात ओतला जायचा. सोळा घरांत फक्त ३२७६७ पर्यंत मावतं. जुन्या रॉकेटला पुरायचं, नवीन जास्त वेगाचं होतं. पातेल्यातलं दूध ग्लासात ओतल्यासारखं. आणि बोईंग ७८७ बद्दल २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान खात्याने आदेश काढला की २४८ दिवस वीज सलग चालू राहिली तर जनरेटरचे कंट्रोल युनिट बंद पडू शकतात, तेव्हा त्याआधी बंद करून चालू करा. आता ही २,१४,७४,८३,६४७ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजा, साधारण दोनशे साडेअठ्ठेचाळीस, म्हणजे २४८ दिवसच येतात. भाच्याने मला हे गणित फोनवर करायला लावलं होतं, मी कागदावर केलं, आलं तेव्हा अंगावर काटा आला.

पुढची तारीख पण सांगून ठेवते. मंगळवार १९ जानेवारी २०३८, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजणारी बरीच यंत्रं आहेत आणि ज्यांच्यात ३२ घरं आहेत त्यांचं मोजणं तिथे संपतं. मोबाईल वगैरेंचं केव्हाच ६४ वर गेलंय, काळजी आहे ती भिंतीवर एकदा लावून कुणी पुन्हा न बघितलेल्या यंत्रांची.

आता पैशांचं, हे तर माझं रोजचं काम. पायथॉनमध्ये लूप लावून, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावून, ०.१ दहा वेळा मिळवा. दहा पैसे दहा वेळा, रुपया झाला पाहिजे. येतं ०.९९९९९९९९९९९९९९९९. कारण कॉम्प्युटरच्या ०-१ च्या भाषेत एक दशांश पूर्ण लिहिताच येत नाही, आपल्याला एक तृतीयांश ०.३३३३ असा लिहीत राहावा लागतो तसा त्याला एक दशांश लिहीत राहावा लागतो, आणि घरं संपली की तोडावा लागतो. पण पाव, अर्धा, पाऊण हे त्याला अगदी अचूक येतात, कारण ते दोनने दोनने भागून होतात.

हे वाचलं तेव्हा मला माझे आजोबा आठवले. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, अपूर्णांकांचे हे सगळे पाढे तोंडपाठ होते, अडीच तेरा म्हटलं की साडेबत्तीस. आणि १ एप्रिल १९५७ च्या आधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. १६, ६४, हे सगळे दोनाला दुप्पट करत करत येणारे! (पै सोडून, पै आण्याला १२ होत्या, त्यात तीन येतो.) म्हणजे आजोबांचा आणे-पैशांचा हिशोब या कॉम्प्युटरने जराही न चुकता केला असता, आणि आपला दहा दहाचा हिशोब त्याला जमत नाही. मला ही गोष्ट फार आवडते, मी प्रत्येक बॅचला सांगते.

तर पैशांसाठी दशांशवाला आकडा, ज्याला फ्लोट म्हणतात, तो वापरायचाच नाही. एकतर सगळं पैशात, पूर्णांकात ठेवायचं आणि छापताना शंभराने भागायचं, नाहीतर डेसिमल नावाचा वेगळा प्रकार असतो, पायथॉनमध्ये आहे, जावात बिगडेसिमल आहे, डेटाबेसमध्ये आहे, तो वापरायचा. लोक म्हणतात एक पैशाच्या हजाराव्या भागाने काय होतं. कॅनडात व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १००० वर एक निर्देशांक चालू केला, दर सौद्यानंतर तो पुन्हा काढायचे आणि तीन दशांशांनंतरचं जवळच्या अंकाला न नेता नुसतं कापून टाकायचे. कापलं की नेहमी कमीच होतं. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४.८११ वर आला होता, बाजार बरा चालू असताना. शुक्रवारी बंद झाला, शनिवार रविवारात दुरुस्त केला, सोमवारी १०९८.८९२ ला उघडला. अर्ध्याहून जास्त आकडा नुसता कापाकापीत गेला होता. आमच्याकडे दिवसातून दोन वेळा दूध, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) प्रमाणे भाव, लिटर गुणिले भाव, आणि दर वेळी पैशाच्या खालचं कापायचं की जवळच्या पैशाला न्यायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता मी ते ठरावात लिहून घेतलंय. सभासदाला विचारायचा हक्क आहे की माझा अर्धा पैसा कुणीकडे गेला, आणि त्याला उत्तर मिळालं पाहिजे.

पायथॉन मी निवडली ती भाच्याने सांगितली म्हणून, पण मला ती आवडली ती दुसऱ्याच कारणाने. त्यात पूर्णांकाला हद्दच नाही. हातचा आला की ती पुढे नवीन घर जोडते, आपण वहीत जोडतो तसं, मशीनमध्ये जागा आहे तोपर्यंत. पोरांना मी विचारलं वीस जण एका रांगेत किती प्रकारे उभे राहू शकतील, उत्तर २४३२९०२००८१७६६४००००, २४ परार्ध, हे ६४ घरांत बसतं. एकविसावा पोरगा आला की ५१० परार्ध, आणि ६४ घरांची हद्द ९२. एका पोराने हद्दीबाहेर गेलं! जावाच्या प्रोग्राममध्ये तिथे भलताच आकडा येतो, पायथॉनमध्ये शांतपणे ५१०९०९४२१७१७०९४४०००० येतो. मग एकाने पत्त्यांचं विचारलं, ५२ पत्ते किती प्रकारे पिसता येतील, ६८ अंकी आकडा आला, स्क्रीनवर दोन ओळी. पोरं उभं राहून मोजायला लागली.

एवढे मोठे आकडे कशाला लागतात असं एका पालकांनी विचारलं. रोज लागतात. बँकेची वेबसाईट उघडताना जी कुलुपं लागतात त्यातलं एक प्रसिद्ध कुलूप २०४८ घरांच्या आकड्यावर चालतं, दशमानात ते ६१७ अंक होतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली मूळ संख्या, २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १, ती ४ कोटी १० लाखांहून जास्त अंकांची आहे. असे आकडे गुणायला शाळेतली पद्धत फार हळू पडते, १९६० मध्ये रशियातल्या करात्सुबा नावाच्या तरुणाने चार गुणाकारांचं काम तीनात करायची युक्ती काढली, पायथॉन मोठ्या आकड्यांना तीच वापरते. जावास्क्रिप्टमध्येही २०२० पासून बिगइंट नावाचा प्रकार आलाय, आकड्याच्या मागे एन लावायचा, पण तो साध्या आकड्यात मिसळला तर ती एरर देते, आणि ते चांगलंच आहे.

खरा धोका एका भाषेतून दुसरीकडे जाताना असतो. एका बाजूला पायथॉन, आकडा पूर्ण, दुसऱ्या बाजूला ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट, शेवटचे अंक बदललेले, आणि मध्ये कुणालाच काही दिसत नाही. ट्विटरला २०१० मध्ये हाच प्रॉब्लेम आला, ट्वीटचा नंबर ५३ घरांच्या पुढे जाणार होता, त्यांनी प्रत्येक ट्वीटसोबत तोच नंबर दोनदा पाठवायला सुरुवात केली, एकदा आकडा म्हणून आणि एकदा अक्षरं म्हणून. म्हणजे भाच्याने मला जे सांगितलं तेच, नंबर हे नाव आहे.

म्हणून माझी मागणी अशी आहे. पंचायत असो, शाळा असो, पतसंस्था असो, बचत गट असो, जिथे जिथे लोकांच्या याद्या स्प्रेडशीटमध्ये होतात तिथे खाते नंबर, आधार, मोबाईल, यूपीआयचा रेफरन्स नंबर, गट नंबर, सगळे कॉलम आधी 'टेक्स्ट' करायचे आणि मग टाईप करायचं. आधी, हे महत्त्वाचं, नंतर टेक्स्ट केलं तर गेलेला अंक परत येत नाही, आम्ही करून बघितलंय. एखादाच नंबर असेल तर नंबराच्या आधी वरचा स्वल्पविराम (') टाकायचा. आधार १२ अंकी आहे, तो १५ च्या आत आहे म्हणून आत शाबूत असतो, पण २.३४E+११ असा दिसत असताना फाईल सीएसव्ही, म्हणजे नुसत्या साध्या अक्षरांची फाईल, म्हणून सेव्ह केली की जे दिसतं तेच सेव्ह होतं आणि नंबर गेला. शून्याने सुरू होणारा खाते नंबर असेल तर पुढचं शून्य उडतं. आधारचं एक बरं आहे, शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो, एखादा अंक चुकला तर तपासणीत पकडता येतो, आमच्या यादीतल्या नंबरांना तसं काही नव्हतं. आणि अपलोड करायच्या आधी फाईलमधून पुन्हा वाचून पासबुकाशी ताडायचं, टाईप करताना नाही.

आणि कोर्स घेणाऱ्यांना विनंती, पहिल्याच आठवड्यात हे शिकवा. बोल्ड इटॅलिक नंतर शिकवलं तरी चालेल. आठवीच्या पोराला हातचा येतो, म्हणजे त्याला हे सगळं समजतं, मी रोज बघते.

आमच्या त्या बाईंचे पैसे अकराव्या दिवशी मिळाले, तिसऱ्या बाईने स्वतः बँकेत येऊन सही केली म्हणून. तिच्या जागी अनोळखी कुणी असतं तर काय झालं असतं माहीत नाही.

संपादक साहेब, एक शेवटचं मागणं आहे. पत्र लांब म्हणून कापावं लागलं तर बाकी काहीही कापा, पण खालचा आकडा मात्र जसाच्या तसा छापा, त्यात स्वल्पविराम घालू नका, जागा सोडू नका. वाचकांनी तो एक्सेलमध्ये इंग्रजी अंकात टाईप करावा, एंटर मारावं, मग त्यावर क्लिक करून वरच्या पट्टीत शेवटचा सहा आहे का ते बघावं.

१२३४५६७८९०१२३४५६

आपली नियमित वाचक,
दूध सोसायटीत हिशोब बघणारी,
ता. चाळीसगाव, जि. जळगाव